कोड, औषधं आणि मन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला डाग उजव्या हाताच्या करंगळीवर दिसला तेव्हा मी अकरावीत होते. खडू लागला असेल म्हणून घासला, गेला नाही. आता पन्नाशी आली. मी डॉक्टर नाही. कोड असलेल्या लोकांच्या एका गटात बरीच वर्षं काम करते, म्हणजे मुख्यतः फोन घेते. फोनवर पहिला प्रश्न औषधाचा असतो. दहा-बारा मिनिटं बोलणं झालं की खरा प्रश्न येतो, बहुतेक वेळा आवाज खाली आणून. इथे दोन्ही तऱ्हेचे प्रश्न एकत्र ठेवले आहेत. कोणतं औषध, किती आणि कधी, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

कोड म्हणजे कुष्ठरोगच ना?

नाही. हा गोंधळ आपल्या भाषेनेच घातलाय. ‘श्वेतकुष्ठ’ हे जुनं नाव अजून जाहिरातींत आणि भिंतींवर दिसतं, आणि ते वाचून आजी नातीचं ताट वेगळं काढते.

कुष्ठरोग जंतूमुळे होतो. त्याचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि त्या जागेची संवेदना कमी होते. कोडाचा डाग दुधासारखा पांढराफटक असतो, आणि तिथे टाचणी टोचली तर बाकीच्या कातडीइतकंच दुखतं. कोडात जंतू नसतोच. आपल्याच प्रतिकारशक्तीतल्या टी पेशी त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना परकं समजून मारतात, एवढाच मामला. जगात दर १०० माणसांत साधारण अर्धा ते दोन एवढं प्रमाण आहे. निम्म्या लोकांना विशीच्या आत सुरू होतं.

आणखी एक, जरा आडवाटेचं. ‘आम्हाला कोड आहे हो, कुष्ठ नाही!’ असं मीही पूर्वी तावातावाने सांगायचे. मग एकदा आनंदवनाला गेले आणि त्या वाक्यात मी कोणाला बाजूला ढकलत होते ते लक्षात आलं. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो, आणि ती औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. फरक सांगायचा तो निदान चुकू नये म्हणून.

शिवल्याने, एका ताटात जेवल्याने लागतं का?

नाही. शरीरसंबंधातूनही नाही.

दुखत नाही, खुपत नाही. नुसते डाग तर आहेत! एवढं मनाला का लावून घ्यायचं?

हा प्रश्न डाग नसलेली माणसं विचारतात. बरेचदा प्रेमानेच विचारतात.

डाग खरोखरच दुखत नाही. दमवते ती लपवालपवी. उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज. फोटोत मागच्या रांगेत, डावा हात उजव्या हातावर. हळदी-कुंकवाला ‘अंगात कणकण आहे’. वर्गात उत्तर येत असून हात वर न करणं. पोहायला न जाणं, न्हाव्याकडे गर्दी नसताना जाणं, बोटांचा ठसा द्यायची वेळ आली की पोटात गोळा येणं. यातलं एकेक काढून पाहिलं तर क्षुल्लक वाटतं. पण सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत डोक्याचा एक कोपरा ‘आत्ता कोणाला काय दिसतंय’ याचा हिशेब ठेवत असतो, आणि तो कधी बंद होत नाही.

सावळ्या कातडीवर पांढरा डाग चार हातांवरून दिसतो. गोऱ्या युरोपीय माणसाच्या अंगावर तोच डाग हिवाळ्यात शोधावा लागतो. आपल्याकडे कोडाचा जाच जास्त का, याचं निम्मं उत्तर या फरकात आहे. उरलेलं निम्मं आपल्या मनात : मागच्या जन्मीचं पाप, साप मारला असेल, देवाचं काही राहिलं असेल. हे तोंडावर कोणी म्हणत नाही. सुट्टे पैसे मात्र हातात न देता फळीवर ठेवतात.

मराठीत कोड म्हणजे लाडही. ‘लाडाकोडात वाढलेली मुलगी’ असं कोणी म्हटलं की मी शाळकरी वयात दचकायचे. आता हसू येतं, पण तेव्हा यायचं नाही.

या जाचाला मोजमापही आहे. ब्रिटनमधल्या कार्डिफ इथे १९९४ साली त्वचारोगाचा रोजच्या जगण्यावरचा परिणाम मोजणारी दहा प्रश्नांची एक यादी तयार झाली. गेल्या आठवड्यात कपडे निवडताना, बाजारात जाताना, जवळच्या माणसाबरोबर असताना त्वचेमुळे किती अडलं, असे साधे प्रश्न. गुण ० ते ३०. दहाच्या वर गेले की त्रास मोठा समजायचा. डाग किती टक्के अंगावर आहे याचा आणि या गुणांचा मेळ बसेलच असं नाही. करंगळीवरच्या एका डागाने घर न सोडणारी मुलगी मी पाहिली आहे, आणि निम्मं अंग पांढरं असलेले, रोज सकाळी बनियनवर दूध घालणारे काकाही.

मी फार टेन्शन घेतलं म्हणून झालं का?

नापास झालो, वडील गेले, नोकरी गेली आणि मग डाग आला, असं पुष्कळ जण सांगतात. अभ्यासांतही ताणाच्या काळाशी कोडाचा संबंध दिसतो. पण ताण सगळ्यांनाच असतो आणि कोड सगळ्यांना होत नाही. मुळात आनुवंशिक कल लागतो, वर आणखी काहीतरी निमित्त लागतं. तेव्हा ‘तूच ओढवून घेतलंस’ हे वाक्य कोणी ऐकवू नये आणि स्वतःला तर अजिबात ऐकवू नये. ताण कमी करायचा तो झोप यावी, जेवण जावं म्हणून. त्याने डाग भरतील अशी अट त्याला घालू नका, नाहीतर प्राणायामाचंही टेन्शन येतं. थट्टा नाही, असे फोन येतात.

डाग बरे झाले की मन आपोआप ताळ्यावर येईल ना? मग मानसोपचारतज्ज्ञ कशाला?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

आधी डाग, मग जगणं, असा क्रम जवळजवळ प्रत्येक जण मनात लावतो. डाग गेले की पोहायला शिकेन. डाग गेले की स्थळं बघू. डाग गेले की ती मुलाखत देईन. अडचण अशी की कोडाच्या उपचारात पहिला फरक दिसायलाच दोन-तीन महिने लागतात, चांगला परिणाम दिसायला वर्ष, आणि हातापायाच्या बोटांवर तर तो न दिसण्याचीच शक्यता जास्त. भरलेले डाग पुन्हा येऊ शकतात. म्हणजे ज्या दिवसाची वाट पाहत आयुष्य अडवून ठेवलंय त्या दिवसाची तारीख कोणाकडेच नाही. मी स्वतः अशी नऊ वर्षं घालवली. वाईट दिवस येतात आणि जातात, ही नऊ वर्षं मात्र नुसती कोरी आहेत.

म्हणून कातडीचा उपचार आणि मनाचा उपचार एकाच महिन्यात सुरू करावेत. त्याने औषधालाही मदत होते. निराश माणूस मलम लावायचं विसरतो, चौथ्या आठवड्यात ‘काही होत नाही’ म्हणून प्रकाशोपचार सोडतो, आणि मग नव्या डॉक्टरकडे नव्या आशेने पहिल्यापासून सुरुवात करतो. दरवेळी खिसाही रिकामा होतो आणि धीरही.

मानसोपचार म्हणजे काय करतात, हेही विचारलं जातं. कोडासाठी सगळ्यात उपयोगी पडते ती बोधात्मक वर्तन उपचारपद्धती. साधारण आठ-दहा बैठका. ‘सगळे माझ्याकडेच बघत होते’ हा विचार पकडायचा आणि तपासायचा : सगळे म्हणजे किती, त्यातले किती फोनमध्ये होते? मग छोट्या पायऱ्या. पहिल्या आठवड्यात अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घालून गच्चीवर, दुसऱ्या आठवड्यात किराणा दुकानात, नंतर नात्यातल्या बारशाला. प्रत्येक पायरीआधी भीती किती वाटतेय याला दहापैकी गुण द्यायचे आणि परत आल्यावर पुन्हा द्यायचे. ऐकायला पोरकट वाटतं. मलाही वाटलं होतं. किराणा दुकानाची पायरी मला तीनदा चढावी लागली.

उदास वाटणं आणि नैराश्य यातला फरक कसा ओळखायचा?

निदान झाल्यावर काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं हे साहजिक आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागत नसेल, झोप पहाटे तीनला मोडत असेल किंवा उठवतच नसेल, जेवण सुटलं असेल, ‘आपण घरच्यांवर भार आहोत’ असं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचं एकत्र गणित मांडलं तर कोड असलेल्या दर चौघांत साधारण एकाला नैराश्याची लक्षणं दिसतात. म्हणजे तुम्ही कमकुवत मनाचे वगैरे अजिबात नाही.

जीव नकोसा होण्याचे विचार येत असतील तर त्वचेच्या डॉक्टरची पुढची तारीख येईपर्यंत थांबू नका. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि घरातल्या एका माणसाला सांगा, अर्धवट का होईना.

नैराश्यावरच्या गोळ्यांची सवय लागते, ही भीती घरोघरी आहे. हल्ली सर्रास दिल्या जाणाऱ्या नैराश्याच्या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि त्या एकदम बंद करायच्या नसतात, एवढं लक्षात ठेवा. उलट कोडासाठी पोटातून स्टेरॉइड चालू असेल आणि तेव्हापासून झोप उडाली असेल, डोकं भणभणत असेल, तर ते त्वचेच्या डॉक्टरांना जरूर सांगा. स्टेरॉइडने मनःस्थिती बिघडू शकते, आणि हे सांगायचं असतं हेच पुष्कळांना माहीत नसतं.

कोडावर उपाय नाही, असं डॉक्टरांनीच सांगितलं. आता?

कायमचा, एकदाच आणि हमखास, असा उपाय नाही हे खरं. पण ‘उपाय नाही’ आणि ‘कायमचा उपाय नाही’ या दोन वाक्यांमध्ये पुष्कळ औषधं मावतात. मला पहिल्या डॉक्टरांनी मान वर न करता ‘सवय करून घे’ असं सांगितलं होतं. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. असे डॉक्टर भेटले तर दुसऱ्यांकडे जा.

मग उपचार आहेत तरी कोणते?

आधी तुमचं कोड कोणत्या प्रकारचं ते बघतात. दोन्ही बाजूंना जोडीजोडीने येणारं (दोन्ही गुडघे, दोन्ही हात, ओठांभोवती, डोळ्यांभोवती) हे जास्त आढळतं आणि कमीजास्त होत राहतं. दुसरा प्रकार अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखा येतो. तो लहान वयात येतो, वर्ष-दोन वर्षांत जिथल्या तिथे थांबतो, आणि शस्त्रक्रियेला उत्तम दाद देतो. सोबत थायरॉइडची तपासणी बहुतेक डॉक्टर सांगतात, कारण तोही प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होणारा आजार आणि कोडाबरोबर पुष्कळदा सापडतो.

कोड पसरत असेल तर आधी ते थांबवायचं. त्यासाठी आठवड्यातून लागोपाठ दोन दिवस स्टेरॉइडची छोटी मात्रा घेण्याची पद्धत आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये रुळली आणि देशभर गेली. बाकीचे पाच दिवस सुट्टी. ही सुट्टी महत्त्वाची असते, ‘रोज घेतली तर लवकर बरं होईल’ असा शहाणपणा करू नये.

लावायला स्टेरॉइडची मलमं, आणि चेहरा, पापण्या, जांघा अशा नाजूक जागी टॅक्रोलिमस, म्हणजे स्टेरॉइड नसलेलं मलम. स्टेरॉइडचं मलम महिनोन् महिने मनाने लावलं तर कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात. औषधाच्या दुकानातून पुन्हा पुन्हा तीच ट्यूब आणणारे बरेच जण या दुसऱ्या त्रासासाठी दवाखान्यात येतात.

मुख्य आधार म्हणजे नॅरोबँड यूव्हीबी प्रकाशोपचार. ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील किरणांच्या उभ्या पेटीत, डोळ्यांवर चष्मा लावून काही सेकंद ते काही मिनिटं उभं राहायचं, आठवड्यातून दोन-तीन वेळा. बऱ्याच सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागात ही सोय असते. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तर वर्षभर नेमाने घेणाऱ्या चारांपैकी तिघांना थोडा तरी फरक पडतो आणि साधारण तिघांपैकी एकाचे डाग तीन चतुर्थांशाहून जास्त भरतात. चेहरा आणि मान सगळ्यांत चांगली साथ देतात. हाताचे पंजे आणि पावलं जवळजवळ देत नाहीत.

का देत नाहीत, याचं कारण मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर निम्मा राग गेला. नवा रंग येतो तो केसांच्या मुळांशी उरलेल्या रंगपेशींमधून. म्हणून भरणाऱ्या डागात आधी तिळासारखे बारीक ठिपके उठतात आणि मग ते एकमेकांना मिळतात. बोटांच्या टोकांवर, तळव्यांवर, ओठांवर केसच नाहीत, म्हणजे गोदामच नाही. डागावरचे केसही पांढरे झाले असतील तर तिथलंही गोदाम रिकामं समजा. माझ्या कंटाळ्याशी किंवा पथ्य मोडण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

डाग वर्षभर हलले नसतील तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. मांडीची वगैरे चांगली कातडी घेऊन तिचे छोटे ठिपके बसवतात, किंवा त्या कातडीतल्या पेशी वेगळ्या करून त्यांचं द्रावण डागावर पसरतात. पसरत्या कोडावर शस्त्रक्रिया करणाऱ्यापासून लांब राहा. जखम झाली की तिथेच नवा डाग येतो. याच कारणाने परकराच्या नाडीखाली, पट्ट्याखाली, चपलेच्या अंगठ्याजवळ डाग येतात. नाडी सैल बांधा, हे आमच्या गटातलं सगळ्यात स्वस्त औषध.

नव्या औषधांत रुक्सोलिटिनिबच्या क्रीमला अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये बारा वर्षांवरच्या रुग्णांसाठी मान्यता मिळाली. कोडात रंग परत आणण्यासाठी मान्यता मिळालेलं तिथलं ते पहिलं औषध. त्याच कुळातल्या पोटात घ्यायच्या गोळ्याही डॉक्टर काही रुग्णांना देतात. त्याआधी क्षयाची तपासणी करतात, ती टाळू नका.

उपचार थांबवल्यावर वर्षभरात साधारण ४० टक्के लोकांचा रंग काही ठिकाणी पुन्हा जातो. भरलेल्या जागी आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमस लावत राहिलं तर हे प्रमाण बरंच खाली येतं. ‘बरं झालं, आता बंद’ म्हणण्याआधी हे विचारून घ्या.

बावची, डीआरडीओचं औषध, पुड्या... यांचं काय?

बावचीला मी नावं ठेवणार नाही. तिच्या बियांत सोरालेन असतं आणि आधुनिक वैद्यकाने कोडासाठी वापरलेला पहिला मोठा प्रकाशोपचार याच रसायनावर उभा राहिला. पण बावचीचं तेल लावून दुपारच्या उन्हात बसलेल्यांच्या अंगावर लिंबाएवढे फोड उठलेले मी पाहिलेत. मात्रा ना तेलाची ठाऊक ना उन्हाची. आणि भाजलं की पुन्हा तेच, जखमेच्या जागी नवा डाग.

डीआरडीओच्या प्रयोगशाळेतून आलेलं वनस्पतीजन्य औषध खरोखर आहे, ती अफवा नाही. संरक्षण खात्याचं नाव बघून लोकांचा विश्वास बसतो. पण क्षेपणास्त्र कोणी बनवलं यावरून मलमाचा गुण ठरत नाही. घ्यायचं असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या आणि त्यापायी प्रकाशोपचार सोडू नका. बिननावाच्या पुड्या आणि ‘तीन महिन्यांत हमखास’ लिहिलेल्या बाटल्या नकोतच. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं.

दूध-मासे एकत्र, आंबट, पांढरे पदार्थ... काय वर्ज्य?

काही नाही. दह्याने डाग येत नाही. मी चौदा वर्षं सोलकढी प्यायले नाही, त्याचा राग अजून आहे. घरात एकट्या मुलीला वेगळं पथ्याचं ताट वाढणं म्हणजे तिला रोज दोनदा आजाराची आठवण करून देणं.

टिकली लावायच्या जागी पांढरा डाग पडलाय. हेही कोडच?

कदाचित नाही. चिकटणाऱ्या टिकलीच्या गोंदात एक रसायन असतं, ते काही जणींच्या रंगपेशींना मारतं. रबरी चपलांचे पट्टे, केसांचे काही रंग यांनीही असं होतं. टिकली ताबडतोब बंद करा आणि दाखवून घ्या. लवकर थांबवलं तर रंग परत येण्याची आशा चांगली असते. काही वेळा मात्र अशा जागेपासून सुरू होऊन कोड इतरत्रही येतं, म्हणून दाखवायचं. कुंकू लावायची हौस असेल तर साधं पिंजर, तेही त्वचेला सोसत असेल तर.

माझ्या मुलीला आठव्या वर्षी कोड आलंय. तिला काय सांगू?

आधी तुम्ही बॅटरी खाली ठेवा. बहुतेक आया रोज रात्री मूल झोपलं की बॅटरी लावून डाग मोजतात, आणि मूल झोपलेलं नसतं. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, त्याच खिडकीत, त्याच उजेडात एक फोटो काढा. मधल्या काळात तपासणी बंद. डॉक्टरांनाही त्या फोटोचाच उपयोग होतो.

तिला खरं सांगा, छोटं सांगा : ‘तुझ्या कातडीतला रंग काही ठिकाणी संपलाय. दुखत नाही, कोणाला लागत नाही. औषध चालू आहे.’ आणि शाळेत विचारलं तर द्यायला एक वाक्य पाठ करून घ्या. ‘हे कोड आहे, लागत नाही, चल खेळू या.’ उत्तर तयार असलं की मूल निम्मी लढाई जिंकतं, कारण चिडवणाऱ्याला उत्तर नको असतं, गडबडलेला चेहरा हवा असतो. वर्गशिक्षिकांना जून महिन्यातच भेटा. वेगळ्या बाकावर बसवलं तर शांतपणे पण लेखी तक्रार करा.

मुलगे याबद्दल बोलत नाहीत. त्यांचं कळतं ते ‘क्रिकेट सोडलं’ यावरून.

लग्नाचं काय?

हा प्रश्न ऐंशी टक्के वेळा आई विचारते, तोही मुलीसाठी. तोच डाग मुलाला असला तर घरचे म्हणतात, ‘शर्टाखाली जातो.’

लपवून लग्न करू नका. नैतिकतेचा उपदेश म्हणून सांगत नाही. लपवलेलं कोड पहिल्या पंधरा दिवसांत उघडं पडतं, आणि मग भांडण डागाचं राहत नाही, ‘फसवलंत’ याचं होतं. शिवाय त्या पंधरा दिवसांतली दहशत कोणाच्याही वाट्याला येऊ नये. बायोडेटात एक ओळ पुरते : ‘कोड आहे, हातांवर व गुडघ्यांवर.’ ‘किरकोळ त्वचाविकार’ वगैरे शब्दांची गोधडी पांघरू नका. त्या एका ओळीने नव्वद स्थळं गळतील. जी दहा उरतील त्यांच्याशी कांदेपोह्यांच्या वेळी निदान हवापाण्याबद्दल तरी मोकळेपणाने बोलता येईल.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली ‘श्वेता असोसिएशन’ कोड असलेल्यांसाठी काम करते. डॉक्टर स्वतः शल्यचिकित्सक, आणि त्यांना स्वतःला कोड. संस्था वधूवर मेळावेही घेते. काही जणांना हे मेळावे पटत नाहीत, ‘कोडवाल्यांनी कोडवाल्यांशीच का?’ असं ते विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. पण त्या सभागृहात पहिल्यांदा शिरल्यावर दोनशे माणसांत आपण कोणालाच वेगळे दिसत नाही, हा अनुभव एकदा तरी घ्यावा. लग्न जमो न जमो.

कायद्याचंही विचारतात. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं, ते २०१९ साली काढून टाकलं. कोड हे तसं कारण कधीच नव्हतं.

पुढे मुलांना होईल का?

होऊ शकतं, पण बहुधा होत नाही. जवळच्या नात्यात साधारण १०० मध्ये ५-६ जणांना होतं. एकसारख्या जुळ्यांत एकाला कोड असेल तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाणही फक्त २३ टक्क्यांच्या आसपास आहे. सगळे जनुक सारखे असूनही! या भीतीपोटी मूल होऊ न देणारी जोडपी भेटली की मी हा जुळ्यांचा आकडा सांगते.

डाग झाकायला मेकअप केला तर आपण हरलो का?

कोणी सांगितलं? लग्नात सगळेच मेकअप करतात. त्वचेच्या रंगाशी जुळणारी, पाण्याने न जाणारी प्रसाधनं मिळतात. माझी कसोटी एकच : मेकअप न करता दूध आणायला खाली जाता येतंय का? येत असेल तर खुशाल लावा. येत नसेल तर मेकअपचं काही चुकलेलं नाही, पण मघाच्या त्या पायऱ्या अजून चढायच्या आहेत.

उन्हात जाताना सनस्क्रीन लावा. डाग भाजतो, आणि आजूबाजूची कातडी रापली की डाग आणखी उठून दिसतो.

उरलेला रंगही काढून सगळं अंग एकसारखं करतात म्हणे?

कोड जवळजवळ सगळ्या अंगावर पसरलं असेल तर तो मार्ग आहे, औषधाचं नाव मोनोबेन्झोन. तो परतीचा रस्ता नसतो आणि उन्हाची काळजी जन्मभर घ्यावी लागते. मायकेल जॅक्सनने गोरं व्हायला कातडी बदलली असं आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो. त्याला कोड होतं. त्याने ते १९९३ मध्ये मुलाखतीत सांगितलं, कोणी ऐकलं नाही, शवविच्छेदनात सिद्ध झालं. त्याच्या मृत्यूची तारीख, २५ जून, आज जागतिक कोड दिन म्हणून पाळतात. उरलेला रंग काढायचा निर्णय मात्र मानसोपचारतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय घेऊ नये.

अपंगत्वाचा दाखला, विमा?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात कोड नाही. विम्यात कोडाला सौंदर्योपचार म्हणून नाकारतात, तेव्हा डॉक्टरांकडून ‘प्रतिकारशक्तीचा आजार’ असं लिहून घ्या आणि दाद मागा. मनाच्या आजाराला मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शरीराच्या आजारासारखंच विमा संरक्षण देणं बंधनकारक केलंय.

तुमचे डाग गेले का?

प्रत्येक फोनच्या शेवटी हे विचारलं जातंच. चेहऱ्यावरचे आणि मानेवरचे भरले, प्रकाशोपचाराच्या चौदाव्या महिन्यात. हातांवरचे आहेत तसेच आहेत, मनगटाच्या वर थोडे सरकलेही.

बांगड्या भरायला मी कधी बसायचे नाही. घरी आणून साबण लावून चढवायचे, कारण कासाराला हात हातात द्यावा लागतो. गेल्या मार्गशीर्षात पुतणीच्या लग्नात सगळ्या जणी चुडा भरायला बसल्या, मीही बसले. कासारणीने माझा हात घेतला, पंजा दाबून पाहिला, अंगठा आत वळवला आणि म्हणाली, ‘दोन-सहाचं माप लागेल ताई. हात सैल सोडा, किती घट्ट धरलाय!’